वसंत देसाई यांच्यावर तासाभराचा कार्यक्रम : काय घ्यावे आणि काय सोडावे?

शहापूरकर

नमस्कार. बेळगावात आमच्या भागातील वाचनालयाने येत्या २२ डिसेंबरला, म्हणजे संगीतकार वसंत देसाई यांच्या स्मृतिदिनी, तासाभराचा कार्यक्रम करायचे ठरवले असून निवेदनाची जबाबदारी माझ्यावर सोपवली आहे. गाणी निवडायला बसलो तेव्हा वाटले होते की एका संध्याकाळी यादी होईल. आज पंधरा दिवस झाले तरी ती होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

अडचण अशी आहे की हा माणूस एका चौकटीत मावत नाही. आंबोली घाट उतरला की सावंतवाडी आणि पुढे कुडाळ. त्या कुडाळ भागातल्या सोनवडे गावात ९ जून १९१२ रोजी त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते कोल्हापूरला प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले आणि तिथे पडेल ते काम करू लागले. १९३० च्या ‘खुनी खंजर’ या मूकपटात ते पडद्यावर दिसले आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात त्यांनी गाणेही म्हटले. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्तर कृष्णराव या तिघांचे काम त्यांना प्रभातमध्ये जवळून पाहता आले. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ या वर्षांत आहे, कारण टेंब्यांकडे रंगभूमीचा भरदारपणा होता, भोळ्यांकडे भावगीताची हळुवार बोलकी रीत होती आणि कृष्णरावांकडे ख्यालगायकीचा पक्का पाया होता. एकाच कंपनीच्या आवारात या तीन परंपरा पाहायला मिळणे हे त्या काळातल्या फार थोड्या जणांच्या वाट्याला आले असेल.

पुढे व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये राजकमल कलामंदिर काढले आणि १९४३ च्या ‘शकुंतला’पासून देसाई त्यांचे संगीतकार झाले. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’, ‘लोकशाहीर रामजोशी’, ‘दहेज’, ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’ ही सगळी त्या सहवासातली फळे आहेत. राजकमलबाहेर सोहराब मोदींचा ‘झाँसी की रानी’, अत्रे यांचा ‘श्यामची आई’, विजय भट्ट यांचा ‘गूँज उठी शहनाई’, हृषीकेश मुखर्जींचे ‘आशीर्वाद’ आणि ‘गुड्डी’ आहेत. संगीत नाटके वेगळीच, आणि समूहगीते त्याहून वेगळी.

तासाभरात दहा-अकरा गाण्यांपेक्षा अधिक बसत नाहीत. श्रोत्यांत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांतली माणसे असतील आणि शाळेची मुलेही गाणार आहेत. आपण काय निवडाल, आणि मुख्य म्हणजे कशासाठी?

निपाणीकर

शहापूरकर, विषय काढलात याचा फार आनंद झाला. माझे मत ‘लोकशाहीर रामजोशी’ला. आमच्या निपाणीकडे तमाशाचे फड नेहमी येत, त्यामुळे ‘सुंदरा मनामधे भरली’ ही लावणी आमच्या वडीलधाऱ्यांना चित्रपटाच्याही आधीपासून तोंडपाठ होती. मूळ रचना शाहीर रामजोशींची, पेशवाईच्या उत्तरार्धातली. असे लोकांच्या ओठावरचे पद चित्रपटात घेणे जोखमीचे असते. जास्त सजवले तर जुने लोक नाके मुरडतात आणि तसेच ठेवले तर संगीतकाराने काय केले, असा प्रश्न येतो. १९४७ च्या त्या चित्रपटात देसाईंनी ढोलकी आणि तुणतुणे यांचा मूळ बाज हलवला नाही. जयराम शिलेदारांसारखा नाट्यगायक त्या भूमिकेत असूनही लावणीचे नाट्यगीत झाले नाही, हे मला फार मोठे वाटते.

तीच गोष्ट १९५१ च्या ‘अमर भूपाळी’तील ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’ची. होनाजी बाळाची ही भूपाळी आहे. लता मंगेशकर आणि पंडितराव नगरकर यांच्या आवाजात ती ऐकताना गोठ्यात गाय हंबरते आहे, अंगणात सडा पडतो आहे, असे वाटत राहते. माझी आजी पहाटे जात्याशी बसून ती म्हणत असे. तिला हे गाणे चित्रपटातले आहे हे ठाऊकच नव्हते. ती जुनी भूपाळी समजूनच म्हणायची. संगीतकाराला याहून मोठा मान कोणता मिळायचा?

अनगोळकर

वर जे लिहिले आहे त्याचा आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. वसंत देसाई मोठे होते यात वाद नाही, परंतु त्यांची स्वतःची मोहोर कुठे आहे, हा प्रश्न मला कायम पडतो. सी. रामचंद्रांचे गाणे दोन ओळींत ओळखू येते. देसाईंच्या बाबतीत तसे होत नाही. ‘झनक झनक’ ऐकावे तर ती एखादी शास्त्रीय मैफल वाटते, ‘सैंया झूठों का’ ऐकावे तर लोकगीत वाटते, ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ ऐकावे तर प्रार्थना वाटते. १९५७ नंतर शांताराम यांच्याबरोबरचे त्यांचे काम काही वर्षे थांबले आणि १९५९ चा ‘नवरंग’ सी. रामचंद्रांकडे गेला. त्या चित्रपटातले प्रत्येक गाणे रामचंद्रांचेच आहे, हे लहान मूलही सांगेल. सगळे प्रकार येणे हा गुण आहे हे खरे, पण अष्टपैलू असण्याच्या नादात माणूस स्वतः मागे पडतो, असे देसाईंचे झाले का? निवेदनात या प्रश्नाला बगल देऊ नये, अशी माझी विनंती आहे.

पेटीवाल्या बाई

अनगोळकर, तुमचा प्रश्न योग्य आहे. मी टिळकवाडीत मुलांना पेटी शिकवते. पं. रामभाऊ विजापुरे यांनी बेळगावात पेटीचे जे शिष्य घडवले, त्यांच्यापैकी एकांकडे मी शिकले. त्यामुळे माझे उत्तर चालींच्या अंगाने येईल.

देसाईंची मोहोर चालीच्या वळणात शोधू नका, ती आवाजाच्या निवडीत आहे असे मला वाटते. अमुक सूर कोणाच्या गळ्यातून किंवा कोणाच्या वाद्यातून यावा, याचा निर्णय त्यांच्याइतका नेमका घेणारे थोडे. ‘झनक झनक पायल बाजे’चे शीर्षकगीत अडाणा रागात आहे. अडाणा हा उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात, तळपणारा जोशाचा राग. तो पेलायला त्यांनी उस्ताद अमीर खाँसाहेबांना बोलावले. तबल्याला सामता प्रसाद होते. त्याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात जेमतेम सतरा वर्षांच्या शिवकुमार शर्मांचे संतूर वाजले, तेव्हा ते वाद्य काश्मीरबाहेर फारसे कोणाच्या कानावरही नव्हते. ‘गूँज उठी शहनाई’ची कथाच सनईवाल्याची, म्हणून साक्षात बिस्मिल्ला खाँसाहेब. हे झाले मोठे कलावंत. पण ‘आशीर्वाद’मध्ये ‘रेलगाडी’ हे हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे बालगीत त्यांनी नटाच्याच म्हणजे अशोककुमारांच्या तोंडी ठेवले. तिथे कसलेला गायक घेतला असता तर नातवंडाला मांडीवर घेऊन बोलणारे आजोबा हरवले असते.

आणि ‘गुड्डी’. शाळेत जाणारी मुलगी आहे, तिच्या तोंडी मियाँ की मल्हारातले ‘बोले रे पपीहरा’ आहे. मल्हारातले ते दोन निषाद, धैवताला घासून जाणारे आंदोलन, हे सगळे अवघड काम. प्रस्थापित गायिका ते सहज गायली असती, पण मग ती मुलगी राहिली नसती. देसाईंनी वाणी जयराम यांना घेतले आणि १९७१ साली हिंदी चित्रपटाला नवा आवाज मिळाला. सूर पक्का आणि आवाजात कोवळेपणा, हे दोन्ही एकत्र हवे होते आणि ते कुठे मिळेल हे त्यांना ठाऊक होते.

त्याच चित्रपटातले ‘हम को मन की शक्ति देना’ मी दरवर्षी नव्या मुलांना शिकवते. ते केदाराच्या अंगाने जाते. केदाराची ओळख म्हणजे षड्जावरून (सा) थेट मध्यमावर (म) झेप. मुले सुरुवातीला हमखास गंधाराची (ग) पायरी चढून वर जातात. पेटीवर मी मधली पट्टी बोटाने झाकून ठेवते आणि ‘ही पायरी आज मोडली आहे, उडी मारा’ असे सांगते. तिसऱ्या-चौथ्या वेळी सगळ्यांची उडी एकदम बरोबर पडते, आणि तेव्हा खोलीत एकदम उजेड आल्यासारखे होते. रागाचे नावही माहीत नसलेली मुले केदार गाऊ लागतात. शाळेच्या प्रार्थनेत राग असा अलगद ठेवून देणे, ही त्या माणसाची मोहोर नाही तर काय आहे?

खानापूरकर

बाईंचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी खानापूरला घरच्या एका खोलीत संगीत संयोजन करतो. लघुपट, कन्नड आणि मराठी भक्तिगीतांचे अल्बम, कधी जाहिराती, असे जे मिळेल ते काम असते. संगणक, की-बोर्ड आणि दोन माईक एवढाच माझा संसार. आमच्या पिढीच्या हाताशी शेकडो वाद्ये तयार असतात, म्हणून एक गोष्ट मांडावीशी वाटते.

देसाईंच्या गाण्यांबद्दल सगळे बोलतात, पार्श्वसंगीताबद्दल फार थोडे. १९६४ मध्ये सुनील दत्त यांनी ‘यादें’ काढला. पूर्ण चित्रपटात पडद्यावर एकच माणूस. बाकीची सगळी माणसे आवाजांतून, सावल्यांतून उभी करायची. त्याचे संगीत देसाईंचे. १९७३ मध्ये गुलजार यांनी ‘अचानक’ केला, त्यात एकही गाणे नाही. त्याचे संगीतही देसाईंचे. ज्याची गाणी देशभर शाळांत म्हटली जातात, अशा संगीतकाराने साठी ओलांडल्यावर एकही गाणे नसलेला चित्रपट स्वीकारावा, यातून त्याची आपल्या कामाकडे पाहण्याची दृष्टी कळते. चित्रपटाला गाणे नको असेल तर नको.

मागच्या वर्षी एका लघुपटात म्हातारी एकटीच भाकरी थापते आहे, असा दृश्याचा तुकडा माझ्याकडे आला. सवयीने मी त्याखाली व्हायोलिनचा थर घातला, त्यावर बासरी घातली. दिग्दर्शकाला आवडले, मला आवडले नाही. त्याच आठवड्यात ‘दो आँखें बारह हाथ’ पुन्हा पाहिला होता. तुरुंगातले सहा कैदी, ओसाड माळ आणि वाद्यांचा किती काटकसरीने केलेला वापर! मी दुसऱ्या दिवशी सगळे थर काढून टाकले. भाकरी थापण्याचा आवाज, तव्यावर टाकल्यावरचा आवाज आणि शेवटी एकच लांब षड्ज, तोही तानपुऱ्याचा, एवढेच ठेवले. ते दृश्य आता पाहवते.

कार्यक्रमात निदान दोन मिनिटे पार्श्वसंगीताला द्यावीत, अशी माझी मनापासून सूचना आहे. पडद्यावर दृश्य दाखवता येत असेल तर उत्तमच.

सदाशिवनगर

आमच्या घरात आई कन्नड आणि वडील मराठी, त्यामुळे शहापूरकरांच्या श्रोत्यांचा विचार मी वेगळ्या बाजूने करतो. २३ ऑक्टोबर १९६६ रोजी एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रसंघात गायल्या. त्या वेळी त्यांनी गायलेले ‘मैत्रीं भजत’ हे संस्कृत गीत कांचीच्या परमाचार्यांनी रचलेले आहे, हे आमच्या आईला आणि तिच्या मैत्रिणींना ठाऊक असते. त्याची चाल मात्र कुडाळच्या वसंत देसाईंची आहे, हे मी सांगितले तेव्हा त्यांच्यापैकी कोणाचाही विश्वास बसला नाही. सगळ्यांना ती चाल कर्नाटक पद्धतीतल्याच कोणा विद्वानाची वाटत होती. अनगोळकरांच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. गाणाऱ्याची परंपरा इतकी सांभाळायची की चाल बाहेरून आली आहे हे कळूच नये, ही साधना आहे.

दुसरी निवड ‘ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी’. ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकातले बाळ कोल्हटकरांचे गीत. गायक कुमार गंधर्व आणि वाणी जयराम. कुमारजींचा जन्म आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा, ८ एप्रिल १९२४ चा. वाणीताई तमिळ घरातल्या आणि पुढे त्यांनी कन्नडमध्ये इतके गायले की आमच्या आईच्या लेखी त्या कन्नडच्याच. सुळेभावीचा कानडी मुलखातला गवई, वेल्लूरची तमिळ मुलगी आणि कोकणातला संगीतकार यांनी मिळून मराठी भावगीतांतले एक अत्यंत हळवे युगुलगीत केले. भाषेवरून आपल्या भागात जे काही होत आले आहे, त्याबद्दल मला इथे काही लिहायचे नाही. हे गाणे मात्र कार्यक्रमात असायलाच हवे.

निपाणीकर

सदाशिवनगर, नाटकाचे नाव निघालेच आहे तर पुस्ती जोडतो. ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘जय जय गौरीशंकर’ ही दोन्ही नाटके विद्याधर गोखले यांची, संगीत देसाईंचे, आणि रंगमंचावर आणली ललितकलादर्शने. ती संस्था केशवराव भोसले यांनी १९०८ साली हुबळीत स्थापन केली होती, हे आपल्याकडच्या तरुणांना सांगायला हवे. साठच्या दशकात संगीत नाटक मागे पडत चालले होते. त्या वेळी ‘जय गंगे भागीरथी’ आणि ‘सावन घन गरजे बजाये’सारखी पदे देऊन त्यांनी प्रेक्षक परत नाट्यगृहात आणले. प्रभातमध्ये टेंब्यांजवळ जे मिळाले, ते तीस वर्षांनी इथे उपयोगी पडले, असे मला वाटते.

अनगोळकर

बाईंचा आणि सदाशिवनगर यांचा युक्तिवाद मला पटला, पण पूर्ण पटला असे म्हणणार नाही. पन्नासच्या आणि साठच्या दशकांत देसाईंनी काही पौराणिक आणि कौटुंबिक चित्रपटांना दिलेले संगीत आज कोणाच्या लक्षात नाही. ते केवळ चित्रपट पडले म्हणून नव्हे, तर त्या गाण्यांत आवाजाच्या निवडीची ती नजर दिसत नाही म्हणूनही. कथेत ओढून घेणारे काही असले की देसाई पेटून उठतात, नसले की नेटके काम करून मोकळे होतात. सी. रामचंद्र सामान्य कथेतही एखादे गाणे असे ठेवतात की चित्रपट त्यावर तरून जातो. हा दोन स्वभावांतला फरक आहे आणि निवेदनात तो सांगितला तर देसाई लहान होणार नाहीत.

एक भर मात्र मीच घालतो. १९६३ च्या ‘छोटा जवान’मधले गदिमांचे ‘जिंकू किंवा मरू’ वगळू नका. चीनच्या युद्धानंतरचे ते दिवस होते. महेंद्र कपूर यांच्या आवाजातले ते गीत आमच्या शाळेच्या मैदानावर आम्ही संचलनाच्या पायांवर म्हणत असू. त्याची लय चालणाऱ्या माणसाच्या श्वासाशी जुळवलेली आहे, हे मोठेपणी लक्षात आले. ओळ संपते तिथे बरोबर दम घेता येतो.

शहापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. अनगोळकरांचा मुद्दा निवेदनात त्यांच्याच शब्दांत ठेवणार आहे, कारण त्याशिवाय बाईंच्या उत्तराला वजन येणार नाही.

क्रम असा ठरवला आहे. आरंभी ‘घनश्याम सुंदरा’, मग ‘सुंदरा मनामधे भरली’, त्यानंतर ‘झनक झनक’ची ध्वनिमुद्रिका ऐकवणे आणि तिथेच संतूरचा उल्लेख. ‘श्यामची आई’मधले ‘छडी लागे छम छम’ लहान मुलांकडून. त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, ते सांगेन. पुढे ‘दो आँखें बारह हाथ’मधले ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’, ‘गूँज उठी शहनाई’मधले ‘तेरे सुर और मेरे गीत’, ‘जिंकू किंवा मरू’, एक नाट्यपद, खानापूरकरांसाठी ‘अचानक’चा तुकडा, ‘बोले रे पपीहरा’, ‘ऋणानुबंधाच्या’ आणि शेवटी ‘मैत्रीं भजत’. ‘मोलकरीण’मधले ‘देव जरी मज कधी भेटला’ वेळेअभावी सोडावे लागत आहे, याचे वाईट वाटते.

२२ डिसेंबर १९७५ चा तो मुंबईतला लिफ्टचा अपघात मी एका वाक्यात सांगणार आहे. त्रेसष्टाव्या वर्षीही हाताशी भरपूर काम असलेला माणूस गेला. त्यांचे संगीत असलेला ‘शक’ १९७६ साली, त्यांच्या मागे प्रदर्शित झाला, एवढे सांगितले की पुरे.

बाई, एक अडचण उरली आहे. ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ आठवी-नववीची मुले आणि मुली एकत्र म्हणणार आहेत. काल तालमीत काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, म्हणून पाहिले, अंतऱ्यात निम्मी मुले गप्प झाली. पट्टी कोणती घ्यावी?

पेटीवाल्या बाई

शहापूरकर, काळी चार त्या मुलांना झेपणार नाही. या वयात मुलांचे आवाज फुटत असतात आणि तार सप्तकात गेले की ती लाजून तोंड मिटतात. काळी एक घ्या. मुलींना मुखडा थोडा खाली वाटेल, पण अंतऱ्यात सगळे एकत्र येतील. भैरवीचे कोमल स्वर मुले घाईत चढे लावतात, म्हणून पहिले दोन दिवस पेटीशिवाय, नुसत्या तानपुऱ्यावर म्हणून घ्या. चित्रपटात ते कैद्यांसाठी आहे, तेव्हा गळ्यावर करामती नकोत, समूहाचा एकच सरळ आवाज हवा. तबला ठेवलात तर अगदी हलका ठेवा.

गुरुवारी साडेपाचनंतर मी मोकळी आहे. वाचनालयाची पेटी जुनी असून तिचा मंद्र पंचम धरत नाही, हे मला ठाऊक आहे. माझी पेटी घेऊन येते.